संत्र्याच्या झाडावरचा बॅकअप

"गजभिये सर, लवकर या. कॉम्प्युटरमधून धूर निघून राह्यला," विमलताई फोनवर ओरडल्या. मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "त्याईले सांग, म्या काही केलं नाई."

मी वर्ध्यात वीस वर्षं कॉम्प्युटर विकले आणि दुरुस्त केले. "मी काही केलं नाही" हे वाक्य कानावर पडलं की कोणी केलं, ते मला वाटेतच कळतं. फक्त काय केलं, तेवढं बघायचं राहतं.

होळी होऊन आठवडा झाला होता. आमच्याकडे होळी झाली की कूलर निघतात. विमलताईंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, सकाळीच कूलरची टाकी भरली होती. मग त्यांच्या मनात आलं की घरात माणसं तीन तास बसतात आणि कॉम्प्युटर दिवसभर बसतो. त्यांनी सीपीयूच्या डब्याचं बाजूचं झाकण स्क्रूड्रायव्हरने काढलं आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं. वाळ्याच्या ताटीतून गार हवा आली, आणि हवेबरोबर पाण्याचे तुषारही आले.

"एवढी गरमी हाय. त्यालेही तं होत असन ना सर," काका म्हणाले.

मदरबोर्ड जळला होता. हार्ड डिस्कच्या पाठीवरची सर्किटची पाटीही जळली होती. हार्ड डिस्क म्हणजे ज्यात तुमचं सगळं लिहिलेलं साठतं ती पेटी. मी ती हातात घेऊन हुंगली. जळल्याचा वास आणि वाळ्याचा वास, दोन्ही येत होते.

"सर," ताईंनी विचारलं, "रजिस्टर?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला काकांवर ओरडायचं सुचलं नाही.

या रजिस्टरविषयी सांगितलं पाहिजे. विमलताई त्यांच्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. रामनगरातल्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. सेलूपासून आष्टीपर्यंतच्या नऊशेच्या वर मुलामुलींची माहिती त्यांच्याकडे होती. नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ, शेती, नोकरी, जन्मवेळ. आमच्या समाजाचंही असंच एक मंडळ होतं, त्याचेही कॉम्प्युटर मी बघायचो. दोन्हीकडच्या लोकांना आपण अगदी वेगळे आहोत असं वाटायचं आणि दोन्हीकडचे रकाने सारखेच होते.

फक्त ताईंकडे एक रकाना जास्त होता. शेवटचा, 'शेरा' नावाचा. तो छापील पुस्तिकेत येत नसे. त्यात ताई स्वतः लिहायच्या. "मुलगा चांगला. वडील मांडवात रुसतील." "पगार सांगतात त्यापेक्षा कमी, पण स्वभाव सांगतात त्यापेक्षा बरा." असल्या ओळी वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो. मग एक ओळ दिसली: "मुलीला लहानपणी फिट येत होत्या. चार वर्षांत नाही. गोळ्या चालू. आईने स्वतः येऊन सांगितलं." त्यावर मी हसलो नाही.

लोक ताईंना असलं सांगत, कारण ताई ते दुसऱ्या कोणाला सांगत नसत. समजून उमजून स्थळ सुचवत, आणि मुलीच्या आईला म्हणत, "पहिल्याच भेटीत तूच सांगून टाक माय, मी तिथं बसतो." तो रकाना हरवला तर ताई आंधळ्यासारखं स्थळं सुचवणार. तो रकाना फुटला तर त्या मुलीचं काय होणार ते आर्वीपासून आष्टीपर्यंत कोणालाही सांगता येईल. आणि पुढच्या रविवारी वधूवर मेळावा होता.

"घाबरू नका," मी म्हणालो. "तळेगावला बॅकअप आहे."

हा बॅकअप दिवाळीपासून सुरू झाला होता, आणि माझ्याच आग्रहाने. तत्त्व सोपं आहे. एकाच घरात दोन प्रती ठेवल्या तर चोर दोन्ही नेतो आणि आग दोन्ही जाळते. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. त्याला ऑफ-साइट बॅकअप म्हणतात. महिन्याला एक सीडी लिहायची, सगळं रजिस्टर तिच्यावर घ्यायचं आणि ती वर्ध्याबाहेर पाठवायची.

"तळेगावले माहा भाऊ हाय, दादाराव," ताई म्हणाल्या होत्या. "महिन्याले येतेच तो वर्ध्याले. त्याच्या लोखंडी कपाटात ठेवू."

"विश्वासाचे आहेत ना?"

"सख्खा भाऊ हाय सर!"

"त्यांच्या घरी लग्नाचं कोणी आहे?"

ताईंनी पदर सारखा केला. "पोरगा हाय. अमोल. अठ्ठाविसावं चालू हाय."

मी म्हणालो, एन्क्रिप्शन करू.

एन्क्रिप्शन म्हणजे फाइलमधली अक्षरं एका गुप्त शब्दाच्या हिशेबाने अशी कालवून टाकायची की तो शब्द नसलेल्याला सगळा कचरा दिसावा. शब्द टाकला की कचऱ्याचं पुन्हा रजिस्टर होतं. फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. अडचण सॉफ्टवेअरची नसते, त्या गुप्त शब्दाची असते. त्या काळात वर्ध्यात पासवर्ड ही घराच्या पाटीसारखी गोष्ट होती, बाहेरून दिसेल अशी लावायची. एका ऑफिसात तो मॉनिटरच्या कपाळावर चिकटवलेला होता, वर कुंकवाचं बोट. एका शाळेत तो शिपायाला पाठ होता आणि मुख्याध्यापकांना नव्हता, त्यामुळे मुख्याध्यापक खिडकीतून ओरडून विचारत आणि शिपाई मैदानातून ओरडून सांगे.

ताईंनीही सुरुवात तशीच केली. कुलदैवताचं नाव सुचवलं, घरचा फोन नंबर सुचवला, मग आतल्या खोलीकडे तोंड करून काकांना मोठ्याने विचारलं, "काहो, गुप्त नाव काय ठेवू?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "लांब वाक्य पाहिजे, ताई. तुम्हाला पाठ असलेलं आणि जगात दुसऱ्या कोणाला माहीत नसलेलं."

त्यांनी खूप विचार केला. मग हळूच म्हणाल्या, "उखाणा चालते का?"

"लग्नात घेतलेला? तो तर सगळ्या मांडवाने ऐकला असेल."

"तो नाई. तो मावशीनं पाठ करून देल्ला होता. एक म्या स्वतः केला होता. पण घ्याची हिंमत नाई झाली."

काका तोपर्यंत पेपर घेऊन दारात आले होते. पेपर खाली आला. ताई लाल झाल्या आणि त्यांनी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. आतून एका बोटाने कीबोर्ड बडवल्याचा आवाज येत राहिला. काका आणि मी ओसरीवर उभे.

"सर," काका म्हणाले, "त्यात माहं नाव असन का?"

"उखाणा आहे म्हटल्यावर असणारच, काका."

"मांडवानंतर तीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नाई म्या. 'अहो'च हाय मी." त्यांनी बंद दाराकडे बघितलं. "किती टाइपते पण."

मी ताईंना तो उखाणा लिहून पाकिटात घालून ठेवायला सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला. मग मी सोडून दिलं. व्यवसायाच्या नियमात हे बसत नाही, पण काही पाकिटं गिऱ्हाइकाकडून करून घेता येत नाहीत.

तर आता त्या बॅकअपची वेळ आली होती. नोव्हेंबर ते मार्च, पाच सीड्या तळेगावला गेलेल्या. ताई आणि मी सकाळची एसटी पकडून आर्वीवरून तळेगावला निघालो. गाडीत ताई दर थांब्याला घड्याळ बघत होत्या. मी मात्र खुशीत होतो. माझी योजना कामाला येणार होती आणि असं आमच्या धंद्यात फार वेळा घडत नाही.

दादाराव दारातच भेटले. मोठा माणूस, मोठं हसू. "ये बाई! सर, या या. अन् फोन तं करायचा!" पाणी झालं, चहा झाला, वहिनींनी चिवडा आणला. ताईंनी सीड्या मागितल्या. दादारावांनी आणखी चहा मागवला.

"दादा, कपाट उघड ना."

कपाट उघडलं. आत कागदं, साड्या, चांदीची वाटी. सीडी एकही नाही.

"काय हाय बाई," दादाराव म्हणाले, "कपाटात उंदीर झाले होते."

"उंदरांनी सीड्या खाल्ल्या?" मी विचारलं.

"खाल्ल्या नाई. तशाही त्या खराबच होत्या, सर. तुम्हाले सांगणारच होतो. तुमच्या मशीनमंधी काही गडबड हाय. पाचही सीड्या खराब निघाल्या. नुसता कचरा. उलटेसुलटे अक्षरं, चौकोन, प्रश्नचिन्ह."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दादारावजी, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"आत कचरा आहे ते. सीडी बाहेरून तर चांगलीच दिसते."

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग चांदीच्या वाटीकडे पाहिलं. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं.

"अमोलच्या कॉम्प्युटरवर लावल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "दर खेपेले तीन दिवस बापलेक बसून होते. जेवाले उठत नव्हते."

"चालू हायेत का ते पाहासाठी लावल्या होत्या!" दादाराव म्हणाले.

"पाचही?" ताईंनी विचारलं.

"एक खराब निघाली म्हणून दुसरी पाह्यली. माणूस चेक करतेच ना."

आमच्या भागात याला चेक करणं किंवा चौकशी म्हणतात. दुसऱ्याचं पत्र उघडणं, शेजारणीची पिशवी चाचपणं, बहिणीने विश्वासाने ठेवायला दिलेल्या सीडीत मुलाला मुलगी शोधणं, सगळी चौकशीच. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तितकंच बरंही वाटलं होतं. त्यांनी दर वेळी तीन दिवस खपून बघितलं आणि त्यांना चौकोन दिसले. फिट येणाऱ्या मुलीची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार, आणि त्यांना कळली नाही.

पण दुसरी गोष्टही माझ्या लक्षात आली आणि माझी खुशी उतरली. एन्क्रिप्ट केलेली फाइल अशीच कचऱ्यासारखी दिसते, हे मी ताईंना चार वेळा सांगितलं होतं. ज्याच्या कपाटात ती राहणार, त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि एखादी सीडी परत आणून उघडून बघावी, हे पाच महिन्यांत मला सुचलं नव्हतं. दादारावांना सीड्या खराब वाटल्या, आणि खराब झाल्या असं सांगावं तर लावून पाहिल्या हे कबूल करावं लागलं असतं. त्यामुळे त्यांनी काहीच सांगितलं नाही.

"आता कुठं हायेत?" ताईंचा आवाज एकदम खाली आला होता.

दादारावांनी कपाट लावून घेतलं. पुन्हा वहिनीच बोलल्या. "वावरात. पोपटांसाठी."

गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग होती. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, शेवटची संत्री झाडांवर होती, आणि फळं पिकली की पोपट येतात. चमकती वस्तू वाऱ्यावर हलली की पोपट घाबरतात असं सगळा तालुका मानत होता. सीडीला भोक तयारच असतं, सुतळी ओवायची आणि फांदीला बांधायची. आम्ही पोचलो तेव्हा नऊशे कुटुंबांची आयुष्यं उन्हात गरागरा फिरत होती. एका सीडीच्या शेजारच्या फांदीवर पोपट बसून निवांत संत्रं सोलत होता.

"पहिल्या दिवशी घाबरले," दादाराव म्हणाले. "आता सवय झाली त्याईले."

ताई उन्हात उभ्या होत्या, पदर डोक्यावर. त्या भावावर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, लोकायच्या पोरी हायेत रे ह्या." दादाराव खाली बघायला लागले.

घरी लिहायची सीडी जांभळट-हिरवी दिसते, कारण तिच्यावर रंगाचा पातळ थर असतो आणि त्यातच सगळं लिहिलेलं असतं. तो थर उन्हात विरतो. नोव्हेंबर, डिसेंबर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. जानेवारीला तडा गेला होता. फेब्रुवारीवर कोणीतरी चोच चालवली होती. मार्चची सीडी दिसेना. आम्ही तिघं झाडं हुडकत फिरलो. विहिरीजवळच्या एका झाडात, आतल्या फांदीवर, दाट पानांत ती सापडली. चार दिवसांपूर्वीच बांधली होती. तिथे ऊन पोचत नव्हतं, त्यामुळे तिने एकही पोपट घाबरवला नसणार. निरुपयोगी जागी टांगली म्हणून वाचली.

मी ती रुमालात गुंडाळून खिशात घातली. दादाराव म्हणाले, "संत्री घेऊन जा सर." मी घेतली नाहीत. ताईंनी मात्र पिशवीभर घेतली. भाऊ तो भाऊच.

दुपारी चारला आम्ही माझ्या दुकानात होतो. काका वाट बघत बसले होते. मी सीडी साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ कापसाने मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसायची नसते, त्याने वाचणं आणखी बिघडतं. पहिल्या ड्राइव्हने तिला ओळखलंच नाही. दुसऱ्याने बराच वेळ खडखड करून बाहेर ढकलली. मी माळ्यावरून एक जुना, संथ ड्राइव्ह काढला. नवे ड्राइव्ह घाईत वाचतात आणि घाईत हरतात.

जुन्याने वाचायला घेतलं. साध्या फाइलवर ओरखडा पडला तर दोनचार ओळी जातात. एन्क्रिप्ट केलेलं रजिस्टर हा एकच गोळा असतो, नेमक्या जागी ओरखडा असेल तर सगळा गोळाच उघडत नाही. हे मी ताईंना सांगितलं नाही. स्क्रीनवरची पट्टी सरकत होती. एकाहत्तर टक्क्यांवर ती थांबली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. ड्राइव्ह गरम व्हायला लागला.

"सर," काका हळूच म्हणाले, "कूलर लावू का?"

ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका बाहेर जाऊन उभे राहिले.

पट्टी हलली. बहात्तर. मग भराभर शंभर. फाइल कॉपी झाली आणि पासवर्डची खिडकी समोर आली.

"तुम्हीपण बाहेर व्हा, सर," ताई म्हणाल्या.

माझ्याच दुकानातून मी बाहेर झालो. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही बाहेर काढलं. आम्ही चौघं रस्त्यावर, आतून एका बोटाचा आवाज. काका पायऱ्यांवर उभे राहून कान देत होते, जणू टाइपलेलं ऐकू येतं. मग आवाज थांबला. काहीच झालं नाही. मग आतून हुंदका आला.

"या," ताई म्हणाल्या. "उघडलं."

रजिस्टर जसंच्या तसं होतं. ताईंनी आधी त्या फिटवाल्या मुलीची नोंद काढली, शेरा वाचला आणि पदराने डोळे पुसले. "रविवारी येऊन राह्यली ती," म्हणाल्या. "तिच्या मायले म्या शब्द देल्ला होता सर. कोणी पाहणार नाई म्हणून." मीही डोळे पुसले असते, पण गिऱ्हाइकं आत आली होती.

मग ताईंनी दुसरी नोंद काढली. अमोल दादाराव बोबडे, तळेगाव. शेरा होता: "मुलगा बरा. संत्र्याची बाग. वडील शांत, मनमिळाऊ." ताईंनी एका बोटाने 'शांत, मनमिळाऊ' पुसलं आणि त्या जागी सावकाश लिहिलं: "वडील दुसऱ्याच्या सीड्या लावून पाहतात. सुनेची पत्रं फोडतील."

मी कामाला लागलो. दोन नव्या सीड्या लिहिल्या, दोन्ही एन्क्रिप्ट करून. या वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडूनही बघितल्या, म्हणजे मला पुन्हा एकदा बाहेर जावं लागलं.

"एक माह्या तांदळाच्या कोठीत," ताई म्हणाल्या. "एक तळेगावले."

"पुन्हा दादारावांकडे?"

"त्याच्याचकडे. आता त्याले माहीत हाय, सीडी उघडत नाई. अन् झाडाले टांगाची हिंमत तं तो करत नाई."

मी विचार केला आणि मला त्यात चूक सापडली नाही. ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे त्याच्याकडे काहीही उघडं ठेवता येतं. एन्क्रिप्शन लागतं ते नातेवाइकांसाठी. सीडीवर मी जाड मार्करने लिहिलं, "खराब नाही. अशीच दिसते." हे वाक्य नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं.

रविवारी मेळाव्यात दादाराव आले. त्यांनी सीडी दोन्ही हातांनी घेतली, खिशात आत ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"सर, यात आमच्या अमोलबद्दल काय लिवलं हाय?"

"मला बघता येत नाही, दादारावजी. पासवर्ड ताईंकडे आहे."

"चांगलंच असन," ते समाधानाने म्हणाले. "बहीण हाय शेवटी."

अमोलचं लग्न पुढे दोन वर्षांनी जमलं, मंडळाच्या बाहेरून. त्या मुलीचंही जमलं. तिच्या आईने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, ताई शेजारी बसल्या होत्या. उखाणा काय होता ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही, मलाही नाही. सीडी मात्र दादारावांनी नीट सांभाळली. पुढे कधी तळेगावला गेलो तर ते कपाट उघडून दाखवायचे. साडीत गुंडाळलेली, चांदीच्या वाटीशेजारी, धुळीचा कण नाही. आपल्याबद्दलचा तो शेरा त्यांनी जिवापाड जपला.